बेगायिमची पायदोरी

१० फेब्रुवारी

आजपासून आमच्या तालुक्याच्या बालगृहात एक पलंग रिकामा झाला. असली वाक्यं अहवालात चालत नाहीत, म्हणून इथे लिहिते आणि पुन्हा एकदा वाचते.

बेगायिमला मी स्वतः घेऊन आले. चार वर्षांची पोर. गाडीत माझ्या मांडीवर बसली ती उच-बुलाक गाव येईपर्यंत हूं की चूं नाही, नुसती बर्फाकडे बघत होती. दारात कुलिपा ताजी भाकरी आणि साय घेऊन उभी होती. तिचा नवरा मामित घोडे राखतो, आणि बोलायच्या बाबतीत घोडेच त्याच्यापेक्षा बरे. त्यानं काही न बोलता पोरीचे बूट काढले आणि चुलीजवळ वाळत ठेवले. मला तेवढ्यावरच भरून आलं.

हे प्रतिपालक कुटुंब म्हणजे काय, ते गावोगाव सांगताना दोन वर्षं माझ्या तोंडाला फेस आला. दत्तक नव्हे हो, आईबाप पुन्हा उभे राहीपर्यंत मूल सांभाळायचं. सुयुनबेक साहेबांना तर अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, "बुरुल, हे बाहेरून आलेलं खूळ आहे. आपल्यात मूल द्यायचं तर नात्यात देतात." मी म्हटलं, नातं आटलं म्हणूनच तर बालगृहं भरली ना साहेब. तालुक्यातलं पहिलं प्रतिपालक घर माझ्या हातून उभं राहिलं, आणि याचा मला अभिमान आहे. विनय बिनय उद्या बघू.

पोरीची आई नाझिरा, मूल वर्षाचंही नव्हतं तेव्हा रशियात कामाला गेली. सासूकडे ठेवून गेली होती. बाप त्याआधीच परागंदा. गेल्या वर्षी सासू वारली आणि शेजाऱ्यांनी पोर सरकारच्या हवाली केली. आईचा जो फोन नंबर माझ्याकडे आहे, तो लागत नाही. जूनमध्ये समिती बसेल. तोवर ती उगवली नाही तर तिचा हक्क संपला, मग बेगायिम दत्तक द्यायला मोकळी.

निघताना कुलिपाला प्रशिक्षणातलं पुन्हा बजावलं. मूळ घरच्यांशी परस्पर बोलायचं नाही, जे काही ते आमच्या ऑफिसमधून. तिनं मान हलवली. प्रशिक्षणातही ही बाई नुसती मानच हलवत होती.

२४ फेब्रुवारी

पहिली भेट. पोरीच्या गालाला रंग आलाय. दोन वाट्या नूडल्सचा रस्सा पिते आणि तिसरी मागते. बालगृहात मागायची सवय नव्हती, त्यामुळे मागताना अजून भिंतीकडे बघून मागते.

मी गेले तेव्हा कुलिपा ओढ्यावरून पाणी आणत होती. दोन भरल्या बादल्या आणि ओढ्यावरच्या फळीवर बोटभर बर्फ. मी असते तर रांगत आले असते. ही बावन्न वर्षांची बाई लग्नाच्या गालिच्यावरून चालावं तशी आली, एक थेंब सांडला नाही. मामितला मी म्हटलं, बायको पडत नाही का तुझी? तो म्हणाला, "नाही." त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

एक गोष्ट मात्र खटकली. बेगायिम तिला ताई म्हणते. मी पोरीला जवळ घेऊन सांगितलं, अगं, ताई काय, आई म्हण, बघ किती माया करते तुझ्यावर. कुलिपा चहा ओतत होती. वर न बघता म्हणाली, "ताईच बरी आहे."

हे काय उत्तर झालं? वाटेत सारखं तेच डोक्यात होतं. मूल घरात घ्यायचं आणि आई म्हणू द्यायचं नाही, म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि पान मांडायचं नाही.

माझंच बघावं. मी थोरली, त्यामुळे रीतीप्रमाणे आजीच्या ओटीत घातलं मला. आजीला मी आई म्हणत आले, आणि जन्म दिलेल्या आईला सगळ्या घरासारखी वहिनी. आईला जाऊन बारा वर्षं झाली. वहिनी आहे, मागच्या गल्लीत राहते, बरी आहे. काही कमी पडलं का मला? काही नाही. ज्या घरात मूल आई म्हणतं ते त्याचं घर, इतकं साधं आहे. वहीत नोंद केली: माया दाखवण्यात हात आखडता.

६ मार्च

पोर फार पडते. अंगणात, उंबऱ्यावर, सपाट रस्त्यावरसुद्धा. गुडघे सोललेले. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, फक्त गुळगुळीत फरशीवर वाढलेत, दगड-माती त्यांना ठाऊक नाही, शिकतील.

गावाचं निदान वेगळं. शेजारीण बाकतीगुलनं मला कुंपणावरून सुनावलं, हिची पायदोरी कापलेली नाही, पडेल नाही तर काय करेल! पोर पहिली पावलं टाकायला लागली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली, आई परमुलखात. काळी-पांढरी लोकर वळणार कोण, पायात बांधणार कोण, आणि पोरांची धाव लावून, पहिला येईल त्याला ती दोरी कापायला सुरी ठेवणार कोण? राहून गेलं ते राहूनच गेलं.

मी डॉक्टरांवर विश्वास ठेवते. पण दोरी कापून कुणाचं वाईट झाल्याचंही ऐकलेलं नाही.

२१ मार्च

नवं वर्ष. सगळं गाव एका कढईभोवती. गव्हाच्या कोंबांची खीर ढवळायला बेगायिमनंही हात लावला. मामितनं तिला खांद्यावर घेतलं होतं. मला फार बरं वाटलं आणि मी मनात म्हटलं, बुरुल, हे तू केलंस.

मग बायकांनी विषय काढला. सगळे जमलेत, पोरं आहेत, सुरी आहे, आत्ताच दोरी कापून टाकू या पोरीची. एकीनं लोकरही काढली. कुलिपा म्हणाली, "नाही." बायकांना वाटलं, लाजते. त्यांनी पुन्हा आग्रह केला. "नाही म्हटलं ना. माझ्या दारात तिची दोरी कापायची नाही."

सगळ्यांचे चेहरे पडले. सणासुदीला असं कुणी बोलतं? बाकतीगुल माझ्या कानाला लागली. म्हणाली, मूल सरकारकडून आणलंय, स्वतःचं थोडंच आहे, खर्च कशाला करेल ती. आणि तुला माहीत नसेल, दर रविवारी पोरीला त्या बोडक्या टेकडीवर घेऊन जाते, वाऱ्यात. खाली येतात तेव्हा पोरीचे डोळे रडून लाल. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगते. सगळे हसतात. आज मला हसू आलं नाही.

३० मार्च

वहिनीचा फोन. लोकरीचे मोजे विणलेत, येऊन घेऊन जा म्हणाली. म्हटलं, कामात आहे. तरी विचारत राहिली, तुझी ती पोरगी कशी आहे, कुणाला आई म्हणते? म्हटलं, कुणालाच नाही. त्यावर म्हणाली, मोजे पाठवून देते.

४ एप्रिल

दामिरा ऑफिसात आली. बाजारात औषधांचं दुकान आहे तिचं. नवरा सज्जन, घर मोठं, चौदा वर्षं मूल नाही. तिला बेगायिमबद्दल कळलंय. म्हणाली, "ताई, जूनपर्यंत थांबते मी. पण तोवर ती आमच्याकडे राहिली तर? पहिल्या दिवसापासून आई म्हणेल मला. मी तिची दोरी अशी थाटात कापेन की घोड्यांच्या शर्यती लावेन."

रडली. खोटं नव्हतं ते रडणं.

साहेबांना सांगितलं, तर ते खूश. मुलीला चांगलं घर मिळेल, कागद सरळ होतील, आणि तुझा प्रयोग फसला असंही कुणी म्हणणार नाही. तू हलव तिला. तुझ्या एका सहीचं काम आहे.

१४ एप्रिल

दामिराला घेऊन उच-बुलाकला गेले. पाहुणी म्हणून ओळख करून दिली. पण कुलिपा काय दूधखुळी आहे? बघताक्षणी कळलं तिला. तरी मांस वाढलं, साय वाढली, कशात कसूर नाही. दामिरानं बाहुली आणली होती. बेगायिमनं बाहुली घेतली, तिचे पाय तपासले, आणि कुलिपाला विचारलं, हिची दोरी कापली का?

दामिरा म्हणाली, "नाही गं राणी. तुझी आणि हिची बरोबरच कापू आपण. मला आई म्हणशील?"

पोर कुलिपाकडे बघत राहिली. कुलिपानं तिचं नाक पुसलं आणि मला म्हणाली, "बुरुल, पोर काही पाहुण्यांना दिलेलं ताट नाही, या दारातून त्या दारात फिरवायला." आवाज चढवला नाही. पण माझे कान तापले. जी स्वतः आई म्हणू देत नाही, तिनं मला शिकवावं?

परत येताना ठरवलं. रविवारी न सांगता जायचं, ती टेकडीची भानगड डोळ्यांनी बघायची आणि सही करायची. जड जातंय. माझं पहिलं घर आहे ते. पण घरापेक्षा पोर मोठी.

१९ एप्रिल, रविवार

घरी आल्या आल्या, जेवायच्या आधीच हे लिहायला बसलेय.

मी पोचले तर दोघी निघाल्याच होत्या. मला बघून कुलिपा थबकली, मग म्हणाली, आलीच आहेस तर चल. पुढे ती, मधे बेगायिम, मागे मी. ती बकरीसारखी चढत होती आणि माझा भाता झाला होता. पोर अडखळली की ती हात पुढे करायची नाही, नुसती थांबायची. पोर आपली आपण उठायची. वर कोरडं गवत, वारा, आणि एक मोठा दगड. गावात फोनला रेंज नाही, त्या दगडावर उभं राहिलं की येते.

कुलिपानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि दगडावर ठेवला. बेगायिम त्याच्याजवळ उकिडवी बसली. तिकडून एक बाई म्हणाली, "बेगी? पडलीस का आज?"

"तीनदा पडले. पण रडले नाही, आई."

आई. वाऱ्यातसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं.

ती बाई नाझिरा होती. मी सरकारी कागदांवर वर्षभर शोधत होते आणि लागत नव्हती ती. कुलिपाला कशी सापडली? अर्धं गाव तिकडे कामाला आहे. हिनं एका भाच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या खोलीतल्या मुलांना, त्यांनी कुठल्या तरी लग्नात विचारलं, आणि नाझिरा येकातेरिनबुर्गच्या एका खानावळीत भांडी घासताना सापडली. सरकारच्या जाळ्यातून सुटलेली मासोळी गावाच्या चाळणीत अडकली. सासू गेल्याचं कळल्यावर तिनं इकडे कुठेतरी फोन केला होता म्हणे. पलीकडून कुणी तरी म्हणालं, आता आठवण झाली का? मग पुन्हा फोन करायची छाती झाली नाही.

पोर गवतात खेळायला गेली तेव्हा मी कुलिपाला झापलं. नियम माहीत असताना? मला का नाही सांगितलं?

"तू बंद केलं असतंस."

खरं आहे. केलं असतं.

मग ती बोलली. एवढं सलग तिला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "पोर इथे आली तेव्हा तिला आई हा शब्द होता, पण माणूस नव्हतं. तो शब्द मी घेतला असता तर नाझिरा आल्यावर तिला काय उरलं असतं? मी वापरलेलं? बाई यायला घाबरते, बुरुल. म्हणते, माझी पोर मला ओळखणार नाही. ती गेली तेव्हा पोर उभीसुद्धा राहत नव्हती. पोरीचं पहिलं पाऊल तिनं पाहिलं नाही. तिला मी सांगितलंय, दोरी तुझी आहे, तू आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. हा एकच गळ आहे माझ्याकडे तिला ओढायला."

खाली उतरताना दोनदा घसरले. बेगायिमनं मला हात दिला.

२० एप्रिल

रात्री झोप नाही. माया दाखवण्यात हात आखडता, असं मी लिहिलं होतं. माझ्या हातानं. ते पान फाडणार नाही, राहू दे.

सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, मी सही करणार नाही. नियम कुलिपानं परस्पर मोडला नाही, माझ्या परवानगीनं झालं असं लिहा, आणि दर रविवारचा फोन आता ऑफिसच्या मान्यतेनं. साहेब म्हणाले, "आणि बाई आलीच नाही तर? दामिरा तरी हातची जाईल." मी म्हटलं, जाईल. ते म्हणाले, नोकरीवर येईल तुझ्या. मी म्हटलं, येऊ दे. घरी येताना मान अशी ताठ होती की बाजारात दोघांनी विचारलं, काय गं, बढती मिळाली का?

दामिराला सांगायला मी स्वतः गेले. तिनं दुकानाचं दार लावून घेतलं. तिच्यासाठी दुसरं काही तरी बघितलं पाहिजे. बालगृहात असे दोघे भाऊ आहेत, त्यांचं खरंच कुणी नाही. पण आज ते बोलायचा दिवस नव्हता.

१७ मे

टेकडीवर मीही जाते आता. आज फोन लागला नाही. मागच्या रविवारीही नाही. बेगायिम दगडाजवळ बसून राहिली. म्हणाली, आई भांडी घासत असेल.

कुलिपा संध्याकाळी लोकर घेऊन बसली होती, एक काळी, एक पांढरी. वळायची, सोडायची, पुन्हा वळायची. मी विचारलं, समजा आलीच नाही? ती म्हणाली, "मग मी मूर्ख ठरेन, आणि तू माझ्याहून मोठी."

समितीची तारीख अकरा जून. वहिनीनं पाठवलेले मोजे घालून बसलेय, थंडी नाही तरी.

२४ मे

लागला! नाझिरा कामाच्या जागी हिशेब चुकता करून निघायच्या खटपटीत होती, फोन विकला होता, दुसऱ्याच्या फोनवरून बोलली. येतेय. कायमची. कुलिपानं फोन ठेवला, डोक्यावरच्या रुमालानं दगड पुसला. दगड कशाला पुसायचा? पण पुसला.

२ जून

मी स्वतः गाडी घेऊन स्टँडवर गेले. नाझिरा म्हणजे मला वाटली त्याहून लहान निघाली, अठ्ठावीसची असेल. हात पाण्यानं पांढरेफटक. गाडीत बसल्यापासून एकच धोशा, ताई, ती ओळखेल का?

दारात कुलिपा भाकरी आणि साय घेऊन उभी, त्या दिवशीसारखीच. बेगायिम तिच्या घागऱ्यामागे. नाझिरा खाली बसली. पोर तिला अशी बघत होती जशी गावात आलेल्या डॉक्टरला बघतात. तिनं तोंड फिरवलं. नाझिराचा चेहरा मला बघवेना. वाटलं, संपलं सगळं.

कुलिपा म्हणाली, "बेगी, डोळे मीट. नाझिरा, विचार ना रोजचं."

टेकडीवर कसला चेहरा, नुसता आवाज पोचायचा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बेगायिमनं डोळे घट्ट मिटले.

"बेगी," नाझिरा म्हणाली, आवाज पार फाटलेला, "पडलीस का आज?"

पोर डोळे मिटूनच पुढे आली. उंबऱ्याला अडखळली आणि थेट तिच्या अंगावर पडली. म्हणाली, "आत्ता पडले, आई."

मामित गोठ्याकडे निघून गेला. मी सरळ भोकाड पसरलं, सरकारी कर्मचारी असून.

११ जून

समितीत अर्धा तासही लागला नाही. मूल आईकडे. नाझिरा सासूच्या बंद घरात राहील, उच-बुलाकपासून दोन ओढे पलीकडे, शाळेच्या स्वयंपाकघरात तिला कामही मिळालंय. पहिलं वर्ष कुलिपा आणि मी येऊन जाऊन. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही कल्पना त्यांना पहिल्यापासून आवडली होती. आवडू दे. तालुक्यातलं पहिलं प्रतिपालक घर आपलं काम चोख करून रिकामं झालं, आणि रिकामं होणं हाच त्याचा मान. मी इतकी वर्षं ही नोकरी करतेय, पण आज मला कुणी विचारलं असतं, काय करतेस, तर मी उभं राहून सांगितलं असतं.

कुलिपाला विचारलं, पुन्हा घेशील का मूल? म्हणाली, आधी हिची दोरी होऊ दे.

१४ जून, रविवार

आज बेगायिमची पायदोरी कापली. ओढ्याकाठच्या कुरणात सगळा गाव लोटला होता. वहिनीला फिरणं होईल म्हणून बरोबर घेतलं होतं. जाताना गाडीत बसल्यावर तिनं माझ्या पायांकडे बघितलं, मोजे नाहीत म्हणून.

चार वर्षांच्या पोरीच्या पायात दोरी बांधलेली बघून आधी सगळे हसले. ती मात्र गंभीर, राणीसारखी उभी. काळी-पांढरी दोरी, कुलिपानं वळलेली, इतकी सारखी की डोळा ठरेना. पोरांची धाव झाली, त्यांना बक्षिसं दिली. मग कुलिपानं जाहीर केलं की सुरी बायकांच्या धावेतली पहिली उचलेल. कुणाची हरकत नव्हती.

पुलापासून बेगायिमपर्यंत धावायचं. तिच्या पायापाशी रुमालावर सुरी. नाझिरा उभी राहिली, बाकतीगुल उभी राहिली, मीही राहिले, का नाही राहणार? कुलिपानं घागरा खोचला. शाळेत असताना ती तालुक्यात पहिली यायची, हे सगळ्यांना ठाऊक. बाकतीगुल म्हणाली, झालं, मग आपण कशाला धावायचं. हाळी झाली आणि कुलिपा सुटलीच. मी अर्ध्यावर गार. नाझिराचे पाय खानावळीत उभं राहून राहून सुजलेले, पण ती जीव खाऊन धावत होती, ओठ आवळून. तरी कुठे कुलिपा आणि कुठे ती.

आणि सुरी हातभर राहिली तेव्हा कुलिपा पडली.

पडली म्हणजे सपशेल. नाझिरा तिच्यावरून उडी मारून गेली, सुरी उचलली, गुडघ्यांवर बसली आणि पोरीच्या पायातली दोरी कापली. कुरण दणाणलं. बेगायिमनं आपले पाय बघितले, आधी एक उचलला, मग दुसरा, आणि आईच्या गळ्यात पडायच्या आधी कुरणाला एक आख्खी चक्कर मारून आली. एकदाही अडखळली नाही. मी मोजत नव्हते, पण सगळे बघत होते.

बायका कुलिपाला चिडवून चिडवून थकल्या, अगं, तुझीच दोरी कापायची राहिली की काय. मी जाऊन ती जागा बघितली. दगड नाही, खड्डा नाही, नुसतं मऊ गवत. बर्फाच्या फळीवरून बादल्या आणणारी बाई अशी कशी पडते? वय झालं बिचारीचं. गुडघा दाखव म्हटलं, तर म्हणाली, काही नाही झालं, आणि हसत होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे घेऊन जाते.

वहिनी मात्र हसली नाही. कढईपाशी बसली होती, डोळे पुसत म्हणाली, "किती छान पडली गं." म्हातारपणी माणूस काहीही बोलतं.

परत येताना सहज विचारलं, माझी दोरी कुणी कापली होती? तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "ते मला नाही दिसलं. सुनेनं धावायचं नाही म्हणाल्या सासूबाई. मी कढईपाशी होते, कणकेचे बोर्सोक तळत. गर्दीतून तुझे पाय तेवढे दिसत होते. दोरी सुटल्यावर तू पळालीस. माझ्या बाजूला आलीस वाटलं, पण त्यांच्याकडे गेलीस." आणि लगेच म्हणाली, बोर्सोक मात्र फार चांगले झाले होते त्या दिवशी, सगळ्यांनी नावाजले.

मी गाडी चालवत राहिले. घरी आल्यावर पहिल्यांदा मोजे शोधून काढले.

उद्या अहवाल पाठवायचा आहे, आणि बालगृहातल्या त्या दोन भावांना दामिरा घेणार हे कळल्यावर कुलिपानं निरोप दिलाय की दोघे एकत्रच हवेत, तोडून देऊ नका, ते दामिराकडे जाईपर्यंत ती सांभाळेल. मागच्या गल्लीत आईला तिच्या दारापर्यंत सोडून आले, हात धरून, कारण तिच्याकडची पायरी उंच आहे.